ब्रेकच्या बाजूने पाहिलेली शर्यत

चिंचवड,
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

चि. ऋतुजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

विमानतळावर सोडायला येताना तू गाडीत विचारलेस, "बाबा, त्या गाड्या साडेतीन तास नुसत्या गोल फिरतात, त्यात तुम्ही पाहिलंत तरी काय?" मी ते हसण्यावारी नेले, कारण उत्तर लांबणार होते आणि तुझे लक्ष रस्त्यावर असणे जास्त गरजेचे होते. आता घरी निवांत बसलो आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. तुझ्या शेजारच्या आजोबांनी मला ग्रीन्सबरोहून अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सव्हिलला नॅसकारची, म्हणजे रोजच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या 'स्टॉक कार' गाड्यांची, शर्यत पाहायला नेले नसते, तर एकतीस वर्षे ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काढूनही मी ब्रेक पुरता पाहिलाच नव्हता हे मला कळले नसते.

मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक फार लहान आहे. पूर्ण फेरी अर्ध्या मैलाहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे 846 मीटर भरते. त्याचा आकार कचेरीतल्या यू-पिनेसारखा आहे: दोन्ही बाजूंना सुमारे 244 मीटरचे दोन सरळ पट्टे आणि टोकांना दोन अगदी आवळलेली वळणे. वळणांना आतल्या बाजूकडे जेमतेम 12 अंशांचा उतार आहे, त्यामुळे मोठ्या ट्रॅकवर उतारामुळे गाडीला जी मदत मिळते ती येथे फारशी मिळत नाही. सरळ पट्ट्यावर डांबर आणि वळणांवर काँक्रीट असल्यामुळे वळण जवळ आले की चाकाखालची जमीनच बदलते. हा ट्रॅक 1947 साली सुरू झाला, तेव्हा तो मातीचा होता; 1955 मध्ये त्यावर डांबर पडले. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या पहिल्या वर्षी, म्हणजे 1949 मध्ये, ज्या ट्रॅकांवर शर्यती झाल्या त्यांपैकी आजवर अखंड टिकून राहिलेला हा एकच. मागच्या बाजूने रेल्वेचे रूळ जातात.

शरद ऋतूतल्या या शर्यतीत 500 फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत दोनदा ब्रेक लावावा लागतो, म्हणजे एका गाडीने एका दुपारी हजार वेळा जोरात ब्रेक दाबायचा. तू इंजिनियर आहेस म्हणून रोख हिशेब मांडतो. चालक आणि इंधन धरून गाडीचे वजन 1,600 किलोच्या आसपास भरते. ती ताशी 190 किलोमीटरवरून 100 वर आणायची, तर एका ब्रेकिंगमध्ये जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात आपल्या घरातले पाचेक लिटर पाणी गार असल्यापासून उकळीपर्यंत जाईल. फेरी वीस सेकंदांच्या आसपास होते, म्हणजे दर दहा सेकंदांनी पाच लिटर, आणि तेही तीन-साडेतीन तास. आमच्या कंपनीत डायनोवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या यंत्रावर, आम्ही ब्रेकची डिस्क तापवायचो तेव्हा एक फेड टेस्ट, म्हणजे तापल्यावर ब्रेक किती ढिला पडतो ती चाचणी, झाली की डिस्क थंड होईपर्यंत चहा पिऊन यायचो. इथे चहाला उसंत नाही. गाडीच्या नाकातून आत घेतलेला वारा नळ्यांनी थेट डिस्कवर सोडतात, आणि तरीही दुपार कलू लागल्यावर वळणात शिरणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या आत मला नारिंगी वर्तुळे पेटलेली दिसली. माझ्या शेजारी बसलेली माणसे पुढे कोण आहे ते पाहत होती. मी मात्र त्या वर्तुळांकडेच पाहत होतो.

तुला वाटेल की जो सर्वांत उशिरा ब्रेक लावतो तो जिंकत असेल. मलाही पहिल्या पन्नास फेऱ्या तसेच वाटले. आजोबांनी मला कानाला लावायचा रेडिओ दिला होता. त्यावर चालक, त्याचा क्रू चीफ म्हणजे संघप्रमुख आणि छतावर उभा राहून त्याला आजूबाजूच्या गाड्या सांगणारा स्पॉटर यांचे बोलणे ऐकता येते. मधल्या क्रमांकावरच्या एका चालकाचे बोलणे मी धरून ठेवले होते. तो वळणात खोलवर जाऊन ब्रेक मारी, एखादी गाडी ओलांडी आणि बाहेर पडताना तीच गाडी पुन्हा त्याच्या पुढे निघून जाई, कारण उशिरा ब्रेक लावल्यामुळे तो वळणात बाहेर फेकला जाई आणि पेट्रोलवर पाय द्यायला त्याला उशीर होई. शंभरेक फेऱ्यांनंतर ब्रेकचे पेडल मऊ पडल्याची त्याने तक्रार केली, तेव्हा मला अगदी ओळखीचा आवाज ऐकल्यासारखे झाले. त्यानंतर त्याने थोडे आधी आणि थोडे हलके ब्रेक लावायला सुरुवात केली, गाडी आतल्या कडेला चिकटवून ठेवली, आणि मग मात्र एकेक करून माणसे मागे टाकली.

आतली कड म्हणजे तिथे सोन्याची जमीन आहे. पस्तीसहून जास्त गाड्या 846 मीटरच्या फेरीत कोंबलेल्या असतात, तेव्हा आघाडीच्या गाडीला थोड्याच फेऱ्यांत शेपटाकडच्या गाड्या आडव्या येतात आणि मोकळा रस्ता असा कुणालाच मिळत नाही. बाहेरच्या रांगेत अडकलेला माणूस ताटकळतच राहतो. म्हणून पुढच्याच्या मागच्या बंपरला हलका धक्का द्यायचा, त्याच्या मागच्या चाकांची पकड जरा सुटली की आत घुसायचे, ही तिथली मान्य रीत आहे. हलका म्हणजे किती, यावर मात्र भांडणे होतात. 2015 साली मॅट केन्सेथ या चालकाने आघाडीवर असलेल्या जोई लोगानोला आधीच्या एका शर्यतीतल्या रागापोटी सरळ भिंतीवर नेऊन आदळले, आणि त्याला पुढच्या दोन शर्यतींतून बाहेर ठेवण्यात आले. आजोबा म्हणाले की त्या दिवशी प्रेक्षक उभे राहून ओरडत होते, आणि ते स्वतः कोणत्या बाजूने ओरडले हे त्यांनी मला सांगितले नाही.

जिंकणाऱ्याला चषक नव्हे, पुरुषभर उंचीचे लंबकाचे घड्याळ मिळते. ही पद्धत 1964 पासून आहे आणि ती त्या भागातल्या लाकूडकामाच्या व घड्याळाच्या धंद्यातून आली. रिचर्ड पेटी या ट्रॅकवर 15 वेळा जिंकला. जिमी जॉन्सनने नऊ घड्याळे नेली. एवढी तो घरात कुठे ठेवत असेल, असा प्रश्न तुझ्या आईने विचारला आहे. तिथला लालभडक हॉट डॉग मी कोबीच्या कोशिंबिरीसकट खाल्ला, पण तो विषय आईपर्यंत न गेलेला बरा.

आपल्याकडचाही एक माणूस त्या ट्रॅकवर चालवून गेला आहे. कोईम्बतूरच्या नारायण कार्तिकेयनने फॉर्म्युला वननंतर मार्च 2010 मध्ये नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेतली आपली पहिली शर्यत मार्टिन्सव्हिललाच धावली आणि तो 13 वा आला. हलक्या, चिकटून पळणाऱ्या फॉर्म्युला गाडीतून उतरून या जड धुडात बसणे आणि पहिल्याच दिवशी गर्दीत टिकणे याचे मोल मला ते वळण पाहिल्यावर कळले.

परतताना आजोबांनी वेंडेल स्कॉट यांची गोष्ट सांगितली. हे कृष्णवर्णीय चालक जवळच्याच डॅनव्हिल गावचे, स्वतःच मेकॅनिक, आणि बहुतेक वेळा जुन्या गाडीवर स्वतःच काम करून शर्यतीला उतरणारे. 1 डिसेंबर 1963 रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, अर्ध्या मैलाच्याच पण मातीच्या ट्रॅकवर, ते दोन फेऱ्यांनी पुढे असताना विजयाचा झेंडा दुसऱ्यासाठी पडला आणि चषकही त्यालाच दिला गेला. काही तासांनी फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे मान्य झाले, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. स्कॉट 1990 मध्ये वारले. तो चषक त्यांच्या कुटुंबाच्या हाती 2021 साली आला. स्कॉट यांच्या त्या विजयानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय चालकाने नॅसकारची राष्ट्रीय पातळीवरची शर्यत जिंकायला 2013 उजाडावे लागले, आणि ती बब्बा वॉलेसने मार्टिन्सव्हिललाच जिंकली. माझ्या एका सुधारणेखाली कंपनीत दुसऱ्याची सही लागली होती, ते तुला माहीत आहे. त्या रात्री मी तुझ्याकडे जेवताना गप्प होतो, तो याच विचारात होतो.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. ज्या ट्रॅकवर सगळा खेळ ब्रेकचा, तिथे 30 ऑक्टोबर 2022 रोजी रॉस चॅस्टेन नावाच्या चालकाने शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणाला ब्रेक लावलाच नाही. अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जाण्यासाठी त्याला आणखी दोन जागा हव्या होत्या. त्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि पेट्रोलवरचा पाय न काढता संपूर्ण वळण भिंतीला घासत काढले. तुला समजेल ते असे: वळताना लागणारे अभिकेंद्री बल टायरच्या घर्षणातून जेवढे मिळते तेवढ्यावरच गाडीचा वेग ठरतो, त्याने ते बल भिंतीकडून घेतले. दहाव्या क्रमांकावरून त्याने पाचव्या क्रमांकाने अंतिम रेषा ओलांडली, त्याची ती फेरी 18.845 सेकंदांत झाली, आणि त्या ट्रॅकवर स्टॉक कारने इतकी वेगवान फेरी आधी कधीच मारली नव्हती. पुढच्या हंगामाआधीच असे करणाऱ्याला दंड होईल असे नॅसकारने जाहीर केले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण भिंतीपलीकडे माणसे बसलेली असतात. पण ही युक्ती आपल्याला लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमवरून सुचली, असे त्याने सांगितले.

तू सातवीत असताना संगणकावर गाडी भिंतीला घासत नेऊन पहिला नंबर काढायचीस, आणि मी मागे उभा राहून "अशाने गाडी मोडेल, ब्रेक कशाला दिलाय?" म्हणून रागवायचो. एकदा तर मी संगणकाची वायर काढून कपाटात ठेवली होती. त्या वायरीबद्दल मी आता दिलगिरी व्यक्त करतो. वसंत ऋतूतल्या शर्यतीला तू जाणार असशील तर आजोबांबरोबर जा, आणि पहिल्या वळणाच्या तोंडाशी बस.

आणखी एक. विमानतळावर जाताना तुझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून सिग्नलजवळ थांबताना बारीक, सुरीला धार लावल्यासारखा आवाज येत होता. पॅड संपत आले की धातूची पट्टी डिस्कला लागून तो आवाज मुद्दाम येतो. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदल, एकाच बाजूचे नको, आणि डिस्कवर चर पडले आहेत का ते मेकॅनिकला तुझ्यासमोर चाक काढून दाखवायला सांग. बिल किती झाले ते कळव.

तुझा,
बाबा