डबीवरची ती बारीक ओळ जाहिरातीतही छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारच्या तुमच्या अंकात अर्ध्या पानाची जाहिरात होती, कोलेस्टेरॉल मुळापासून घालवा, शंभर टक्के नैसर्गिक वगैरे, आणि त्याच अंकात आतल्या पानावर एका डॉक्टरांचा हृदयाची काळजी घ्या म्हणून लेख. लेख चांगला होता. पण आमच्या घरात वाचली गेली ती जाहिरात, आणि असल्याच एका जाहिरातीपायी आम्ही यंदा तोंडावर पडलोय म्हणून लिहायला बसले.

आमच्या ह्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रात्री जेवण झालं की कोलेस्टेरॉल उतरवणारी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ वर आलं होतं, डॉक्टर म्हणत होते अजून खाली आणू. तर सकाळी सिद्धेश्वर तलावावर फिरायला जातात तिथे ह्यांच्या ग्रुपमधल्या एका काकांनी पेपरातलं कात्रण आणि पिशवीतून डबी काढली. आयुष्यभर केमिकल किती खाणार, हे आपलं जवस, लसूण, अर्जुनसाल, काही अपाय नाही. दोन महिन्यांचा कोर्स २४०० रुपये. ह्यांनी दोन कोर्स घेतले आणि मला न सांगता गोळी बंद केली, मला वाटायचं घेतायत, पाकीट तर रोज टेबलावर दिसायचं. साडेतीन महिन्यांनी रिपोर्ट आला तर एलडीएल १३९. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला, ते बघून मलाच घाम फुटला.

घरी येऊन ती डबी मी हातात घेतली. भिंगातूनही वाचता येईना, मग मुलाने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तर खाली कडेला इंग्रजीत बारीक लिहिलेलं, नॉट फॉर मेडिसिनल यूज. म्हणजे औषध म्हणून वापरू नका! भाचा फार्मसीला आहे, तो म्हणाला की मामी, आपल्या अन्न सुरक्षा खात्याचा, एफएसएसएआयचा नियमच आहे तसा, असल्या डब्यांवर ही ओळ लिहावीच लागते. मग ती पेपरातल्या जाहिरातीत कुठे जाते?

बरं आत काय होतं तर एका कॅप्सूलमध्ये जवसाचं तेल ५०० मिलिग्रॅम. आता जवसाची चटणी आमच्या सोलापुरात शेंगाचटणीच्या शेजारीच बरणीत असते, भाच्याने हिशोब करून दाखवला की १० ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं आणि त्या कॅप्सूलमध्ये फार तर पाव ग्रॅम, म्हणजे चमचाभर चटणी म्हणजे आठ कॅप्सूल. जवस मात्र भाजून कुटलेलं हवं, अख्खं दाणं गिळलं तर जसंच्या तसं बाहेर. आणि तेही खाऊन एलडीएल धाडकन उतरतं असं नाही बरं का.

कारण खाण्याने होतं किती तेही मला आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं लिव्हरच बनवतं, आणि त्यातूनच पित्त तयार करतं. ओट्स, जव, राजमा, इसबगोल यातला विरघळणारा चोथा आतड्यात बुळबुळीत होऊन ते पित्त धरतो आणि बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. इतकं साधं आहे, मला तर आवडलं. पण फरक पडतो पाच ते दहा टक्के. आता १३९ मधून दहा टक्के काढा, उरतात १२५, आणि हृदयविकार झालेल्यांसाठी आपल्याच भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये एलडीएल ५५ च्या खाली ठेवा म्हणून सांगितलंय. ती ४० ची गोळी एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरवते!

भाच्याने अजून एक सांगितलं, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने सुमारे दोनशे लोकांवर २८ दिवस तुलना केली, रोसुव्हास्टॅटिनची, म्हणजे ह्यांच्याच गोळीच्या जातीतली, अगदी छोटी ५ ची गोळी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतून काढलेला पदार्थ), रेड यीस्ट राइस (यीस्टने आंबवून लाल केलेला तांदूळ). गोळीने एलडीएल ३८ टक्क्यांच्या जवळ उतरलं, बाकी सहांपैकी एकानेही नुसत्या खोट्या गोळीपेक्षा फारसं जास्त उतरवलं नाही, लसणाने तर उलट थोडं वाढलं. आता लसूण मी फोडणीत घालतच राहणार, तो चवीसाठी. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही डोक्यातून काढा, रेड यीस्ट राइसमध्ये जो घटक असतो तो लोव्हास्टॅटिन नावाच्या, ह्यांच्या गोळीच्याच जातीतल्या औषधाचा, अगदी तोच रेणू. म्हणजे गोळी चालू असताना वर ते घेतलं तर दोन औषधं झाली. २०२४ मध्ये जपानात असल्याच लाल तांदळाच्या गोळ्यांनी कितीतरी लोकांच्या किडनीला त्रास झाला, कंपनीला माल परत मागवावा लागला.

जाता जाता तेलाच्या डब्यांचंही. कोलेस्टेरॉल फ्री असं मोठ्या अक्षरात लिहितात, अहो शेंगदाणा काय नि पाम काय, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, केळ्यावर बिनकाट्याचं म्हणून चिठ्ठी लावण्यातला प्रकार. पाम तेलात निम्मी चरबी सॅच्युरेटेड असते आणि फरसाण तळायला बहुतेक ठिकाणी तेच, ते मात्र कुणी लिहीत नाही.

ह्यांची गोळी परत सुरू झालीय, आता रोज माझ्यासमोर घेतात. सकाळी इसबगोलही पाण्यातून घेतात, गोळीपासून दोनेक तास लांब. उरलेल्या डब्या काकांनी परत घेतल्या नाहीत, सील फुटलंय म्हणाले. तलावावर ते अजून येतात, आता त्यांच्या पिशवीत गुडघ्यांचं काहीतरी असतं.

तेव्हा संपादकसाहेब, जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, पेपर चालायला पैसा लागतो हे कळतं. पण डबीवर जी ओळ आहे ती जाहिरातीतही छापा, मराठीत, आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' ज्या टायपात आहे त्याच टायपात.

आपली नेहमीची वाचक,
सोलापूर