धागा मजबूत आहे हो, पण पकडीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्याकडे केळीच्या खोडाच्या धाग्यापासून बनणाऱ्या शीट्सवर आलं होतं, वाचून बरं वाटलं, कारण इकडे बडोदा, भरूच, आणंद पट्ट्यात केळी एवढी होते की घड उतरवला की खोड शेतात सडतच पडतं. पण त्यात "धागा मजबूत म्हणून शीट मजबूत" असं छापलंय ते वाचून राहवलं नाही. मी इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत २६ वर्षं एफआरपीच्या टाक्या केल्यात, म्हणजे काचेच्या धाग्यावर रेझिन (आधी पातळ, मग कडक होणारं प्लास्टिक) चढवून केलेल्या.

टाकी जाते तेव्हा बरेचदा काचेचा धागाही शाबूत असतो आणि रेझिनही शाबूत, फारकत झालेली असते ती दोघांची, म्हणजे पकड सुटलेली. आम्ही एकदा स्वस्तात काचेच्या धाग्यांची मॅट उचलली, कोणाकडून ते जाऊ दे, तिच्यावरचा लेप आमच्या रेझिनला चालणारा नव्हता, रोलर कितीही फिरवला तरी आत पांढऱ्या रेषा दिसायच्या, आणि आठ महिन्यांत ॲसिडची टाकी बाहेरून पाझरायला लागली. काचेला पाणी लगेच चिकटतं आणि पाणी काच आणि रेझिनच्या मधे शिरलं की सुटतंच. म्हणून धागा ओढतानाच त्यावर सायलेन नावाच्या रसायनाचा लेप देतात, एक टोक काच धरतं, दुसरं रेझिन. वजनात सगळा लेप जेमतेम १ टक्का! आणि पॉलिएस्टर रेझिनवालं सायलेन वेगळं, एपॉक्सी रेझिनवालं वेगळं.

माझे आजोबा कलाभवनात (सयाजीराव महाराजांनी १८९० ला काढलेलं तेच) रंगाई शिकले होते, ते म्हणायचे तुरटी नसेल तर मंजिष्ठा (मुळीचा लाल रंग) कापडावर पाहुणी, पहिल्या धुण्याला निघाली. तसंच हे.

केळीच्या धाग्यावर मेण, पेक्टिन असलं काय काय असतं, कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात, साधारण ५ टक्के, भिजवून नीट धुवून खडखडीत वाळवला की ते निघतं, धागा खरबरीत होतो आणि रेझिन धरतं. पण कॉस्टिक कडक झालं किंवा बादली विसरली की धागाच कुजतो, मग पकड आहे पण धाग्यात दम नाही.

आणि पकड जास्त म्हणजे चांगलीच असंही नाही बरं का, फारच घट्ट झाली तर तडा धाग्यापाशी न वळता सरळ आरपार जातो, माल ठिसूळ होतो. बुलेटप्रूफ पॅनलमधे तर पकड मुद्दाम थोडी सैल ठेवतात, थर सुटतात आणि मार खातात.

तेव्हा पुढच्या वेळी बातमी घ्याल तेव्हा एवढं विचारा की धाग्याला काय लावलं होतं, आणि ताकद मोजली ती कोरड्या शीटची की पाण्यात ठेवून काढलेल्या शीटची? कोरडी तर आमची ती टाकी पण पास झाली होती.

आपला एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदा