कोयत्याच्या हिशेबात नसलेल्या मुलीकडून

आदरणीय गुरुजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपण सेवानिवृत्त होत असल्याचे परवा गावाकडून कळले, म्हणून इतकी वर्षे मनात राहिलेले हे पत्र आज सर्वांसमोर लिहीत आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकटा माणूस असेल तर अर्धा. मुलांसाठी त्या हिशेबात अपूर्णांकही नाही. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटावी म्हणून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आई-वडील राबत, तेव्हा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, किती पेंढ्या मी बांधल्या आणि किती मोळ्या उचलू लागले, हे कोणत्याही वहीत नाही. २०११च्या जनगणनेत देशातील ५ ते १४ वयाची १ कोटीहून अधिक मुले काम करताना आढळली. त्या फेब्रुवारीत मी नऊ वर्षांची होते आणि आम्ही सांगलीकडे उसाच्या एका फडाजवळ कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहत होतो. मोजणारे तिथवर आले असते, तरी आईने ‘पोरगी बाळ सांभाळते’ एवढेच सांगितले असते, आणि त्यात खोटे काही नव्हते.

कारखाने आता साखरेबरोबर वीज आणि इथेनॉलही तयार करतात, पण तोडणीचा पैसा टनावरच मिळतो, आणि पैसा टनावर ठरला की घरातले सगळे हात फडात लागतात. २०१६मध्ये बालकामगार कायदा सुधारला, चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर बंदी आली. मात्र शाळेची वेळ सोडून घरच्यांना मदत करण्याची मुभा राहिली. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या, गावापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुलीची शाळेची वेळ कोणती, हे मला अजून उमगलेले नाही.

२०११च्याच दिवाळीआधी आपण आमच्या घरी आलात. शिक्षणहक्क कायदा लागू होऊन दीड वर्ष झाले होते, पण आपण त्याचे नावही काढले नाहीत. वडिलांनी विचारले, “पोरगी मागं राहिली तर बाळ कोण बघंल?” आपण आजीकडे पाहिलेत आणि म्हणालात, “बाळही राहू द्या.” शाळेच्या हंगामी वसतिगृहात माझे नाव घातलेत, त्यामुळे दोन वेळचे जेवण तिथे मिळू लागले आणि झोपायला मी आजीकडे जाऊ लागले. आजीचे गुडघे दुखत, त्या दिवशी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन मी वर्गात येई. आपण त्याच्यापुढे पाटी ठेवत असा, हजेरीपटावर तो नसला तरी. दर रविवारी आपल्या मोबाइलवरून मुकादमाला फोन लावून आपण आईला बोलावून घेत असा. ती फक्त एकच विचारी, काय खाल्लंस? रिचार्जचे पैसे आपण कधी मागितले नाहीत, आणि ते द्यायला हवेत हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

मी आज पुण्यात परिचारिका आहे. आईने आपल्याला निरोप द्यायला सांगितले आहे, तो तिच्याच शब्दांत लिहिते : “गुरुजींना म्हणावं, बाळ बारावीला गेलं.”

आपली विद्यार्थिनी