नाकाता नुसता देखणा म्हणून लक्षात राहिला?

निवृत्त खेळाडूंच्या ऑनलाइन लोकप्रियतेवरचा रविवारच्या क्रीडा पुरवणीतील लेख वाचला. जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता आजही नेटवर चर्चेत असतो तो केवळ फॅशनमुळे, हे त्यातील विधान पटले नाही. पत्रकारांशी त्याचे फारसे जमत नसे. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीसच स्वतःचे संकेतस्थळ काढून तो चाहत्यांशी थेट बोलू लागला. समाजमाध्यमे तेव्हा होती कुठे? २२ जून २००६ रोजी विश्वचषकात डॉर्टमुंडमध्ये जपानची ब्राझीलकडून १-४ अशी हार झाल्यावर तो मैदानाच्या मधोमध बराच वेळ उताणा पडून राहिला. उलगडा झाला ३ जुलैला, त्याच संकेतस्थळावर: वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी निवृत्ती! पुढे जपानभर फिरून तो साके (तांदळाचे जपानी मद्य) बनवणाऱ्या कारागिरांची ओळख जगाला करून देऊ लागला. आता दिसण्याचे म्हणाल, तर केस तो तेव्हाही रंगवायचाच. पण १९९८ मध्ये इटालियन लीगच्या पदार्पणातच युव्हेंटसवर दोन गोल चढवले, ते पेरुजा क्लबच्या जर्सीत, रॅम्पवर नव्हे.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर