घाटाला सपाटीचे वेळापत्रक लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अर्धमॅरेथॉन दोन तासांत कशी पूर्ण करावी, याचा तक्ता आला होता. पहिल्या किलोमीटरपासून एकविसाव्यापर्यंत एकच आकडा : ५ मिनिटे ४१ सेकंद. गुणाकार बरोबर आहे, मी करून पाहिला. पण खाली 'सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी जपून ठेवावा' अशी ओळ आहे आणि माझी हरकत तेवढ्या ओळीला आहे. हा तक्ता मरीन ड्राइव्हवर चालेल. ही स्पर्धा ज्या घाटात होते त्या यवतेश्वरच्या घाटात तो खिशात घेऊन जाणारा माणूस बहुधा परत येताना चालत येईल.

मी एसटीचा निवृत्त चालक. केळघर आणि पसरणीच्या घाटात बरीच वर्षे गाडी चालवली. पळायला लागलो ते पन्नाशी उलटल्यावर, डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवल्यावर. त्यामुळे मी काही जाणकार नव्हे. पण घाट चढायचा कसा, हे मला तक्त्यातून शिकावे लागले नाही. चढणीला सपाटीचा वेग धरला की गाडी तापते, आणि एकदा तापली की कॅन घेऊन पाणी शोधत हिंडावे लागते.

गंमत अशी की, स्टिअरिंगवर जे कळत होते ते पायांना कळायला एक वर्ष गेले. पहिल्या वर्षी मी असाच एक आकडा मनात धरून निघालो. सप्टेंबरची सकाळ, रस्ता ओला, घाटात धुके, दुतर्फा ढोल-ताशे आणि टाळ्या. अशा वेळी पाय आपले राहत नाहीत. समर्थ मंदिर मागे पडले, चढ लागला, तरी मी वेग सोडला नाही. वरच्या वळणबिंदूला ६४ मिनिटांत पोचलो आणि स्वतःवर खूश झालो. पुढे सगळा उतारच, आता काय! त्या उताराला मला ८० मिनिटे लागली. मांड्या अशा भरून आल्या की एका वळणावर कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारून सत्तरीच्या एक आजी तुरुतुरु उतरत गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "बसू नका भाऊ, बसलात की उठवणार नाही." एकूण वेळ २ तास २४ मिनिटे. पुढचे दोन दिवस घरचा जिना उलटा उतरलो.

दुसऱ्या वर्षी चढणीला घड्याळ पाहायचेच नाही, असे ठरवले. खूण एकच : शेजारच्याशी एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की गिअर खाली. शेकडो लोक मला मागे टाकून गेले, आणि ते सोसणे हाच त्या दिवसाचा खरा व्यायाम होता. वर ७१ मिनिटे लागली, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा सात जास्त. उतरायला मात्र ६०च लागली. एकूण २ तास ११ मिनिटे. माणूस तोच, वयाने एक वर्ष मोठा, सरावही जवळपास तेवढाच.

याचे कारण साधे आहे. चढावर तोच वेग राखायला शरीराला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. तेव्हा सारखा ठेवायचा तो जोर, वेग नव्हे. आणि उतार म्हणजे विश्रांती, हा तर मोठाच गैरसमज. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन झेलत असतात, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. वर चढतानाच ते थकवले असतील तर ब्रेक कुठून लागणार? घाटात पाट्या असतात, 'उतारावर वाहन न्यूट्रल करू नये.' ती पाटी पळणाऱ्यांनीही वाचावी : लहान पावले, टाच आपटायची नाही, अंग सैल सोडून द्यायचे नाही.

एकसारख्या वेगाला माझा विरोध नाही. सपाट रस्त्यावर तोच उत्तम. २०२३ साली शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने पूर्ण मॅरेथॉनचा (४२ किलोमीटर) २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत धावला. उलट उदाहरणही सांगितले पाहिजे : २०२२ साली बर्लिनमध्ये केनियाचाच एलिउड किपचोगे पहिला अर्धा भाग ५९:५१ मध्ये धावला, दुसऱ्यात दीड मिनिट हरवले, तरी विक्रम झालाच. पण शिकागो काय, बर्लिन काय, रस्ते पोळपाटासारखे. २०१९ साली व्हिएन्नात दोन तासांच्या आत धावण्यासाठी किपचोगेला किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५० सेकंद हा वेग राखायचा होता, तर सपाट रस्ता निवडला, वारा अडवायला आळीपाळीने ४१ साथीदार दिले, पुढच्या गाडीतून रस्त्यावर प्रकाशाच्या रेघा पाडल्या. एवढा सरंजाम असेल तर तक्ता जरूर पाळावा.

आणखी एक. झेंडा घेऊन ठरावीक वेळेत पळणाऱ्या पेसरच्या घोळक्याला धावपटू 'बस' म्हणतात. (मला हा शब्द का आवडतो, हे सांगायला नको.) जाणता पेसर घाटात मुद्दाम हळू चढतो. गेल्या खेपेला मनगटावर तक्ता चिकटवलेला एक तरुण आमच्या पेसरवर चिडला, "काका, आपण किलोमीटरला मिनिटभर मागे आहोत!" आणि बस सोडून पुढे गेला. परतीच्या वाटेवर तो पाण्याच्या टेबलापाशी पोटऱ्या चोळत बसलेला दिसला. तक्ता घामाने निघून गेला होता.

तेव्हा विनंती अशी की, तक्ता छापायचाच तर घाटाचा वेगळा छापावा, चढाचा आणि उताराचा आकडा निरनिराळा. आणि स्पर्धेचा निकाल देताना एकूण वेळेशेजारी वळणबिंदूची वेळही द्यावी; आयोजकांकडे प्रत्येकाची वेळ टिपणाऱ्या चिपची नोंद असतेच. माझी पहिल्या वर्षाची ६४ मिनिटे नमुना म्हणून छापलीत तरी चालेल.

– एक निवृत्त एसटी चालक, सातारा