सेनापतीपद आणि त्याच्या मर्यादा

महोदय,

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तिन्ही दलांचे सरसेनापती असल्याने ते कोणत्याही राज्यात हवे तेव्हा नॅशनल गार्ड उतरवू शकतात, असे विधान अलीकडे चर्चांमध्ये सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे.

नॅशनल गार्ड एरवी राज्याचे दल असते आणि गव्हर्नर त्याचे प्रमुख असतात. राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना या दलांचे सेनापतीपद दिले आहे ते ती केंद्राच्या प्रत्यक्ष सेवेत बोलावली गेल्यानंतरच. आणि कधी बोलवायची, हे कायद्याने ठरवण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तेथील संसदेचा आहे. 2025 मध्ये लॉस एंजेलिस आणि शिकागोत गार्ड उतरवण्यासाठी जो कायदा पुढे करण्यात आला, त्यात तीनच कारणे आहेत: परकीय आक्रमण, बंड, किंवा ‘नियमित दलां’कडून कायद्याची अंमलबजावणी अशक्य होणे. ही नियमित दले म्हणजे बहुधा खुद्द लष्कर, असा अर्थ लावून तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये शिकागोच्या प्रकरणात सरकारला अंतरिम दिलासा नाकारला. 1878 च्या कायद्याने लष्कराला एरवी पोलिसांचे काम करण्यास मनाई असल्याने हे तिसरे कारण क्वचितच लागू पडू शकते; म्हणून या अर्थाचे महत्त्व फार मोठे आहे.

केंद्राला हा अधिकारच नसावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 1957 मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून रोखण्यासाठी गव्हर्नरने उभा केलेला गार्डच राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी केंद्राच्या ताब्यात घेतला, आणि ते योग्यच झाले. परंतु तेथे या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा न्यायालयाचा आदेश धाब्यावर बसवला जात होता.

आपल्याकडे राज्यांना सैन्य नाही. संस्थानांच्या फौजांसाठी ठेवलेला आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद 259 हा 1956 मध्ये रद्द झाला. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात येथे नागपुरात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, तेव्हा रस्त्याकडेच्या गाडीत हेल्मेट बाजूला ठेवून डबा खाणारे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान 1951 च्या कायद्याने उभारलेल्या पोलीस दलाचे असतात. केंद्राची सशस्त्र दले राज्यात मुलकी सत्तेच्या मदतीसाठी पाठवण्याचा विषय 42 व्या घटनादुरुस्तीने संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत आला. मात्र ‘मदत’ म्हणजे राज्याच्या सत्तेची जागा घेणे नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका नागा संघटनेच्या याचिकेवर स्पष्ट केले. ज्या राज्यात केंद्राचे दल उतरते, तेथील माणसाला हा फरक पुस्तकी वाटत नाही.

म्हणून आपणांस विनंती, की अशी बातमी देताना दल कोणाचे, ते कोणत्या कलमाखाली बोलावले आणि राज्याची संमती होती की नाही, हे आवर्जून छापावे.

आपला नियमित वाचक,
धंतोली, नागपूर