खडीच्या डंपरवर ताडपत्री टाका, एवढंच मागणं आहे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी चिपळूणला राहते आणि लोटे एमआयडीसीत एका लॅबमध्ये नोकरी करते. रोज सकाळी परशुराम घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, जाऊन येऊन 30 किलोमीटरच्या आसपास होतात, आणि हे मी सात वर्षं एकाच गाडीने करतेय. गाडीचे हप्ते गेल्या वर्षी फिटले. त्याच्या पुढच्याच महिन्यात गाडी धुताना पुढच्या काचेच्या वर, जिथे छत सुरू होतं त्या कडेला, बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. स्टुलावर चढून बघितलं तर रंग फुगलेला, नख लावलं तसा पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी गंज. मूळ टवका तांदळाच्या कणीएवढा असेल. खडीचा मार. तो कधी बसला ते मला कळलंसुद्धा नाही, छताची ती कड उभं राहून दिसतच नाही, आणि अख्खा पावसाळा तिथून पाणी आत मुरत राहिलं. डेंटिंगवाल्याने बघून सांगितलं, ताई आता टचअपने भागणार नाही, पत्रा उघडा करून घासायला लागेल, प्राइमर मारून पूर्ण छत रंगवावं लागेल.

घरात सगळे म्हणाले की गाडीच्या रंगासाठी पेपरात पत्र कसलं लिहितेस. पण रंग म्हणजे नुसती शोभा आहे असं जे आपल्याकडे धरलं जातं ना, तिथेच गडबड आहे. फॅक्टरीतून येतो तो रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात सगळ्यात खाली ईडी कोट, अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने बसवतात तो, मग प्राइमर, मग रंग आणि बहुतेक गाड्यांना वरून पारदर्शक क्लिअर कोट. लोखंड आणि कोकणचा पाऊस यांच्या मध्ये एवढीच भिंत. आमच्या भागात वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवा अशी दमट की धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तर तो टवका कुठला वाळणार. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे एकदा सुरू झाला की आजूबाजूचा चांगला रंगसुद्धा खालून उचलत जातो. म्हणून कणीएवढ्या टवक्याचा वर्षभरात रुपयाएवढा फोड होतो.

आता ही खडी येते कुठून. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आम्ही किती वर्षं बघतोय ते कोकणात कुणाला सांगायला नको. रस्ता व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 2022 मध्ये घाटात काम आणि दरडी यामुळे वाहतूक चिरणी-आंबडसवरून वळवायचे तेव्हा त्या अरुंद रस्त्याने आम्ही निमूट गेलोय, दोन्ही बाजूच्या फांद्या दारं ओरबाडायच्या तरी गेलोय. पण खडी, कच, माती भरलेले डंपर काठोकाठ भरून, वर काही न टाकता चालतात, चढाला मागच्या फाळक्याच्या फटीतून खडी गळते आणि वळणावर वरून सांडते, हे काही रस्ता बांधण्यासाठी गरजेचं नाही ना? दुसरी गोष्ट खड्डे भरण्याची. खड्ड्यात खडी टाकतात, वर थोडं डांबर, रोलर फिरला तर फिरला, आणि दोन पावसांत सगळी खडी मोकळी होऊन रस्ताभर पसरते. ती झाडून घ्यायला कुणी येत नाही. मग पुढच्या गाडीच्या टायरने उडते, मागच्याच्या बोनेटवर, नाहीतर काचेवर.

यात आपल्या हातात काय आहे तर सगळ्यात आधी अंतर आणि स्पीड. माराचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, 60 च्या ऐवजी 80 ने गेलात तर तोच दगड पावणेदोन पटीपेक्षा जास्त जोराने बसतो. मी डंपर दिसला की मागे राहते, अगदी मागे, मागचे हॉर्न मारतात तर मारू देत. मडफ्लॅप चारही चाकांना लावून घ्या, कारण आपल्याच पुढच्या टायरने उडवलेली खडी दाराच्या खालच्या पट्टीवर बसत असते आणि ती पट्टी कुणी वाकून बघत नाही.

दुसरं म्हणजे सिरॅमिक कोटिंग. या बाबतीत लोकांची फार फसगत होते, माझ्या ओळखीतल्या तिघांची झाली. ‘9 एच’ म्हणून सांगतात, ते पेन्सिलच्या टोकाने रंगावर ओरखडा पडतो का ते बघायच्या टेस्टमधलं माप आहे, दगडाशी त्याचा संबंध नाही. तो थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. पाणी पटकन ओघळतं, चिखल सहज सुटतो, उन्हाने रंग फिका पडायला वेळ लागतो, हे फायदे खरे आहेत आणि त्यासाठी जरूर करा, पण खडी थांबेल म्हणून करत असाल तर पैसे वाचवा. खडी थांबते ती पीपीएफने, म्हणजे पारदर्शक जाड फिल्म, चांगली असेल तर 150 ते 200 मायक्रॉनची, गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. पूर्ण गाडीला लाखाच्या घरात खर्च जातो, तो माझ्यासारखीला परवडत नाही आणि रोजच्या गाडीला त्याची गरजही नाही. बोनेटचा पुढचा हात-दीड हात भाग, छताची पुढची कड, काचेच्या दोन्ही बाजूचे खांब आणि दाराखालच्या पट्ट्या, एवढ्याला लावली तरी पुष्कळ. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याचा रंग उडाला तर वाईट दिसेल पण गंजणार नाही, तेव्हा बजेट कमी असेल तर बंपर सोडा आणि पत्रा झाका. फक्त फिल्म टीपीयूची, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिकची, आहे ना ते विचारून घ्या, स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म उन्हाने पिवळी पडते आणि काढताना गोंद चिकटून राहतो.

टवका पडलाच तर त्याच आठवड्यात बघा. गाडीच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर रंगाचा कोड असतो, त्या कोडचा टचअप पेन मिळतो. आधी बारीक पॉलिश पेपरने गंज साफ, मग प्राइमरचा ठिपका, मग रंग पातळ पातळ दोन-तीनदा, मग क्लिअर. पण हे काम मे महिन्यापर्यंतच. भर पावसाळ्यात दमट हवेत रंग लावला तर पांढरट पडतो आणि आत ओल अडकते ती वेगळीच. मग जुलैमध्ये टवका पडला तर काय? तेवढी जागा पुसून, हेअर ड्रायरने नीट कोरडी करून वर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं. हसू नका, मी दोन पावसाळे यावर काढलेत. पाणी आत जात नाही आणि ऑक्टोबरमध्ये घासून काढून नीट टचअप करता येतो.

धुण्याचं तर काय सांगू. लाल माती वाळली की ती पॉलिश पेपरच असते, आणि आपण सकाळी घाईत कोरड्या फडक्याने गाडी पुसतो, मग उन्हात गोल गोल रेघा दिसतात त्या आपणच मारलेल्या. आधी भरपूर पाणी सोडून माती वाहून जाऊ द्या, मग गाडीचा शाम्पू, आणि फडकं पिळायची बादली वेगळी ठेवा. कपड्याच्या पावडरने वॅक्स धुऊन जातं, ती नको. पावसाळ्यात मळलेल्या ओल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते घासतं आणि आत ओल कोंडते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, लाल चिखलाने आणि पानांनी ती बुजतात आणि दार आतून सडतं, दर महिन्याला काडी घालून मोकळी करा.

डांबराचे ठिपके नखाने किंवा पत्र्याने खरवडू नका. खोबरेल तेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, डांबर मऊ होतं, मग मऊ कपड्याने टिपून शाम्पूने धुवा. काँक्रीटचं पाणी उडालं तर मात्र थांबायचं नाही, सिमेंट अल्कलाईन असतं, क्लिअर कोट खातं, ओलं आहे तोवर धुवा. वाळलंच तर पाणी मिसळलेलं व्हिनेगर लावून मऊ करा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि आमच्याकडची खास गोष्ट, सावलीसाठी सगळे आंब्याखाली गाडी लावतात. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते, वर पक्षी, आणि दुपारच्या उन्हात पक्ष्यांची विष्ठा रंगावर डाग कोरते. ती दिसली की बाटलीभर पाणी ओतून तिथल्या तिथे काढायची.

यातलं बरंचसं मी करत आलेय. तरी छत गेलंच, कारण खडी सांडणं थांबलेलं नाही. इन्शुरन्सचं म्हणाल तर अशा क्लेममध्ये निदान पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून आणि वर नो क्लेम बोनस जातो, पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला 50 टक्के, म्हणून कुणी क्लेम करत नाही. त्यामुळे हे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही, ज्याचं तो भरतो.

आणि माझा तर पत्रा आहे साहेब. माझ्या मागे-पुढे लोट्याला जाणारी कितीतरी मुलं बाईकवर असतात, निम्म्यांच्या हेल्मेटला काच नाही, काहींना हेल्मेटच नाही. जो दगड माझ्या छताचा रंग फोडून पत्र्यापर्यंत जातो तो त्यांच्या डोळ्याला लागला तर? मोकळ्या खडीवर वळणात टायर घसरतो ते वेगळंच. ज्या दिवशी हे डोक्यात आलं त्या दिवशी ठरवलं की पत्र लिहायचंच.

मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीसाठी नियमावली काढली त्यात बांधकामाचं सामान वाहणारी गाडी झाकलेली पाहिजे हे होतं. तिथे कळलं ते इथे का कळू नये? आमचं मागणं फार नाही. डंपर फाळक्याच्या खाली भरा, फाळक्याची फट बंद करा, ताडपत्री बांधा. खड्डा भरल्यावर उरलेली खडी त्याच दिवशी झाडून उचला. आणि सकाळी सात ते नऊ, शिफ्टच्या वेळेला, घाटाच्या पायथ्याशी कुणीतरी उभं राहून उघडे डंपर अडवा, आठवडाभर जरी अडवले तरी फरक दिसेल. आपल्या पेपरने हा विषय जूनच्या आधी लावून धरावा ही कळकळीची विनंती, कारण पाऊस सुरू झाला की खडी आणि गंज दोन्ही एकदमच सुरू होतात.

आपली,
रोज घाटातून जाणारी एक वाचक, चिपळूण